नाव ठेवणे, डीपी ठेवणे, नावे ठेवणे

मराठीत 'ठेवणे' या क्रियापदावर जितका भार टाकण्यात आला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या क्रियापदावर पडला असेल. बाराव्या दिवशी बाळाचे नाव ठेवले जाते, तेही बाळाला न विचारता आणि आत्याच्या पाठीत धपाटे घालत. पुढे मोबाईल आल्यावर मराठी माणसाने नामे इंग्रजीतून जशीच्या तशी उचलली, तरी क्रियापद मात्र घरचेच राखले. त्यामुळे लोक डीपी 'ठेवतात', म्हणजे व्हॉट्सॲपवर आपल्या नावाशेजारच्या वाटोळ्या चौकटीत आपला म्हणून जो फोटो चारचौघांना दिसावा असे वाटते तो बसवतात. स्टेटसही 'ठेवतात', म्हणजे चोवीस तासांनी आपोआप पुसले जाणारे चित्र किंवा वाक्य सर्व परिचितांपुढे मांडतात. आणि हे सारे पाहून उरलेले लोक नावे 'ठेवतात'. लहान मुलांच्या संदर्भात या तिन्ही क्रियांचा व्याकरणदृष्ट्या विचार केला असता असे आढळते की तिन्ही ठिकाणी मूल हे कर्म असते आणि कर्ता कुणीतरी दुसराच असतो. आत्मप्रतिमा, म्हणजे आपण कसे आहोत व लोकांना कसे दिसतो याचे मनात तयार होणारे चित्र, मोबाईलच्या काळात कसे सांभाळावे हे मुलांना शिकवण्याचा जो उत्साह अलीकडे शाळांतून, पालकसभांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून ओसंडत असतो, त्याची मुख्य अडचण हीच आहे: धड्याची गरज कर्त्याला असते आणि वर्गात मात्र कर्माला बसवले जाते.

'ओळख' हा शब्दही असाच पेचात टाकणारा आहे. मराठीत ओळख एकट्याला होत नाही; ती काढली जाते, करून दिली जाते, वेळप्रसंगी बँकेत किंवा तहसील कचेरीत कामाला येते, आणि या प्रत्येक प्रकारात दुसरा माणूस लागतोच. लग्नाच्या मांडवात एखाद्या मुलाला वडीलधाऱ्याने 'तू कुणाचा रे?' असे विचारले असता अपेक्षित उत्तर वडिलांचे नाव, आजोबांचे गाव आणि आजोळचे आडनाव या क्रमाने द्यायचे असते. 'मी माझाच' हे उत्तर चारोळीत शोभते, मांडवात नव्हे. अशा मुलाला इन्स्टाग्राम अचानक एक रिकामी चौकट देते आणि स्वतःची ओळख स्वतःच, तीही १५० अक्षरांत, लिहिण्यास सांगते. पिढ्यानपिढ्या हे काम मामा-काकांवर सोपवलेल्या समाजातील मूल तेथे गांगरले तर नवल नाही. परिणामी सातवीतील बहुतेकांच्या ओळखीत आपला वाढदिवस, आपण आईबाबांचे लाडके असल्याची ग्वाही, क्रिकेटवरील निष्ठा आणि 'ॲटिट्यूड' असा एक शब्द एवढाच ऐवज सापडतो. म्हणजे स्वतंत्रपणे लिहिलेली ही ओळख वर्गातील चाळीस जणांत फक्त तारखेने वेगळी असते.

ती तारीखही खरी असतेच असे नाही. बहुतेक समाजमाध्यमे १३ वर्षांखालील मुलांना खाते उघडू देत नाहीत. या तेराच्या आकड्याचे मूळ मुलांची माहिती गोळा करण्यावर बंधने घालणाऱ्या १९९८ च्या अमेरिकी कायद्यात आहे. या नियमाच्या पालनासाठी पडद्यावर जन्मवर्षाचे एक फिरते चक्र दाखवले जाते, आणि ते अंगठ्याने खाली ढकलले की नऊ वर्षांचे मूल डोळ्यादेखत पंचविशीत जाते. ऑनलाइन ओळखीविषयी मूल जो पहिला धडा शिकते तो असा खोटे वय सांगण्याचा असतो आणि तो देणारे पुष्कळदा शेजारी बसलेले वडीलच असतात. या बाबतीत त्यांना फार दोष देता येत नाही, कारण ही परंपरा त्यांच्याही वडिलांपर्यंत पोहोचते. पूर्वी खेड्यातील शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून ही तारीख लिहून मोकळे होत असत, शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते एवढ्याच आधारावर. त्यामुळे महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस फेसबुक दरवर्षी १ जूनला मोठ्या गांभीर्याने साजरा करते, आणि त्या दिवशी निवृत्त कर्मचाऱ्यांच्या समूहावर प्रत्येक जण प्रत्येकाला केक पाठवतो.

मूल स्वतःला कधी ओळखू लागते, या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्राने आरशापुढे बसून शोधले. १९७० मध्ये गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींच्या चेहऱ्यावर रंगाचा ठिपका लावून त्यांना आरसा दाखवला आणि १९७२ मध्ये ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी तशाच ठिपक्याचा प्रयोग लहानग्यांच्या नाकावर करून प्रसिद्ध केला. दीड ते दोन वर्षांच्या सुमारास बहुतेक मुले आरशातील प्रतिमेला हात लावण्याऐवजी स्वतःच्या नाकाला हात लावतात, असे त्यातून दिसले. महाराष्ट्रातील आया बाळाच्या गालावर काजळाची तीट लावून त्याला आरसा दाखवण्याचे काम कितीतरी पिढ्या करीत आल्या आहेत, परंतु त्यांचा उद्देश दृष्ट लागू नये एवढाच मर्यादित असल्याने शोधनिबंध मात्र दुसऱ्यांच्या नावावर लागले. हल्लीच्या घरात हा प्रयोग करू जाता बाळ नाकालाही हात लावत नाही आणि आरशालाही लावत नाही, तर तर्जनीने आरसा डावीकडे सरकवून पुढचा फोटो येतो का ते पाहते.

चार्ल्स हॉर्टन कूली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये असे मांडले की दुसऱ्यांच्या नजरेच्या आरशात आपण कसे दिसत असू याच्या अंदाजावरून माणूस स्वतःविषयीची कल्पना बांधतो. या आरशाला मराठीत 'चार लोक' म्हणतात. चार लोकांत शोभेल असे वागावे, चार लोक काय म्हणतील याचा विचार करावा, असे मराठी मुलाला सांगितले जाते, मात्र हे चार लोक नेमके कोण, त्यांना दुसरे काही काम आहे की नाही, याचा शोध कुणी घेतलेला नाही. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये किशोरवयातील एका समजुतीला 'काल्पनिक प्रेक्षक' असे नाव दिले: गालावर मुरूम आलेल्या मुलीला सारे जग आज आपल्याच गालाकडे पाहत आहे असे वाटते, आणि वय वाढले की हा प्रेक्षकवर्ग हळूहळू उठून जातो. मोबाईलने त्याला जागेवर बसवून ठेवले आहे. तो आता काल्पनिकही राहिलेला नाही. स्टेटस किती जणांनी पाहिले हा आकडा खाली दिसतो, कुणी पाहिले त्यांची नावे दिसतात, आणि ज्या एकाने पाहावे म्हणून ते ठेवले होते त्याचे नाव त्यात नसते.

या विषयातील मुलांचे खरे पाठ्यपुस्तक म्हणजे कुटुंबाचा व्हॉट्सॲप समूह होय. त्यातील डीपींचा अभ्यास केल्यास कोणालाही असे दिसून येईल की वय आणि चेहरा यांचे प्रमाण व्यस्त असते. आजोबांच्या जागी दत्तगुरू किंवा उगवता सूर्य असतो, आजीच्या जागी नातवंड असते. काका काळा चष्मा लावून एखाद्या धरणाच्या भिंतीवर पाठमोरे उभे असतात, आणि मावशी नथ घालून, पैठणी नेसून अशा एका लग्नात हसत असतात ज्या लग्नातील नवरा-नवरीचा मुलगा आता तिसरीत गेला आहे. वडिलांचा डीपी मोटार घेतली त्या दिवशीचा असतो. त्यात मोटार स्पष्ट असते. आई बहुधा मुलाचाच फोटो आपला म्हणून ठेवते, आणि म्हणून सोसायटीच्या समूहावर पाण्याच्या टाकीवरून चालणाऱ्या कडाक्याच्या भांडणात एक दहा महिन्यांचे बाळ, जीभ बाहेर काढून, सचिवांचा राजीनामा मागताना दिसते. ते बाळ प्रत्यक्षात दहावीत आहे. त्याला मिसरूड फुटली आहे, परंतु डीपीत ते अजून प्लास्टिकच्या टबात फेसात बसलेले असून वर्गमित्रांच्या मातांच्या समूहांतून ते चित्र वर्गमित्रांपर्यंत केव्हाच पोहोचलेले आहे.

अशा मुलाने 'आई, तो फोटो काढ' असे सांगितले असता जे घडते ते मराठीच्या अभ्यासकांनी जवळून पाहावे असे आहे. 'फोटो काढणे' याचा अर्थ फोटो टिपणे असाही होतो आणि असलेला फोटो हटवणे असाही होतो. मुलगा दुसऱ्या अर्थाने बोलतो, आईला पहिला ऐकू येतो, ती कौतुकाने मोबाईल उचलते, मुलगा तोंडापुढे हात धरतो, आणि त्या हात धरलेल्या अवस्थेतील फोटो 'आमचा लाजाळू' या मथळ्याखाली स्टेटसवर ठेवला जातो. भांडण झालेच तर आईचा युक्तिवाद ठरलेला असतो: इतका गोड फोटो आहे, त्यात लाजण्यासारखे काय आहे आणि सगळी आपलीच तर माणसे आहेत. यातील 'आपली माणसे' ही संज्ञा आईच्या दृष्टीने ३१२ संपर्कांना लागू होते, त्यात गॅस सिलिंडर पोहोचवणारे आणि जुन्या भाडेकरूंचे दलाल यांचाही समावेश असतो.

फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या एका कायद्याने मुलाच्या प्रतिमेवरील हक्क जपणे ही आईवडिलांची संयुक्त जबाबदारी ठरवली, मुलाचे वय व समज पाहून त्यालाही विचारात घ्यावे असे सांगितले, आणि पालकांत एकमत नसेल तर दुसऱ्याच्या संमतीविना फोटो प्रसारित करण्यास न्यायालय मनाई करू शकेल अशी तरतूद केली. भारतातील २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती हाताळण्यापूर्वी कंपन्यांनी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी असे बजावतो. म्हणजे कंपनीपासून मुलाला वाचवण्याचे काम येथे पालकावर सोपवलेले आहे. पालकाने स्वतः टबातला फोटो काढला तर, दोन्ही अर्थांनी, काय करावे याविषयी मात्र घराघरांत आजीचा शब्द अखेरचा राहतो, आणि तो फोटो आजीनेच सर्वांना पाठवलेला असतो.

घराबाहेर पडल्यावर मुलाची गाठ फ्लेक्सशी पडते. फ्लेक्स म्हणजे लवचिक प्लास्टिकच्या कापडावर यंत्राने छापलेला तो भला मोठा फलक, जो चौकात लावला की सिग्नल दिसेनासा होतो. समाजमाध्यमांचा सारा कारभार या फलकाने इंटरनेटशिवाय चालवून दाखवलेला आहे. मध्यभागी वाढदिवस असलेल्या व्यक्तीचा पुरुषभर उंचीचा फोटो, मागे झेपावणारा वाघ, वर आशीर्वाद देणाऱ्या नेत्यांची रांग आणि खाली 'शुभेच्छुक' या शब्दाखाली पासपोर्ट आकाराची तीस-चाळीस मुंडकी, ही रचना पाहता कोणत्याही मुलाला अनुयायी, लाइक आणि टॅग या तिन्ही संकल्पना वेगळ्या समजावून सांगण्याची गरज राहत नाही. सहा वर्षांच्या चिरंजीवाला काळा चष्मा चढवून त्याच्या नावामागे 'युवा नेतृत्व' छापलेले असते. शिकवणीवर्गाच्या फलकावर तर हीच कला गणिती शिस्तीने वापरतात: ९८ टक्केवाल्याचा चेहरा परातीएवढा, ९४ टक्केवाल्याचा ताटलीएवढा, आणि ८५ च्या खाली आलेल्या मुलांची नुसती नावे, तीही 'इतर यशस्वी विद्यार्थी' या मथळ्याखाली. मुलींनी स्वतःच्या चेहऱ्याची किंमत आकड्यांत मोजू नये असे सांगणारे व्याख्यान पुष्कळदा याच फलकाच्या सावलीत होत असते.

फ्लेक्स बनवणाऱ्या दुकानात किंवा शेजारच्या फोटो स्टुडिओत एक निळा कोट संगणकात कायम तयार असतो. चुरगळलेला टी-शर्ट घालून गेलेला मुलगा खुर्चीवर बसतो, छायाचित्रकार 'हनुवटी खाली, खांदे सरळ' असे दोनदा सांगतो, आणि दहा मिनिटांनी हातात पडणाऱ्या आठ प्रतींत तो मुलगा कोट व टाय घालून बसलेला असतो. टायची गाठ मानेच्या जराशी डावीकडे येते. गावातील निम्म्या नोकरीच्या अर्जांवर हाच कोट आहे. डोकी बदलतात, गुंड्या त्याच राहतात. या स्टुडिओतून बाहेर पडताना पालकाने मुलाला मोबाईलमधील फिल्टर हा खोटेपणा असल्याचे समजावून सांगितले तर ते मुलाला पटत नाही, आणि न पटण्याइतका तर्क मुलापाशी असतो.

योगायोग असा की आजच्या मुलाच्या दोन अधिकृत चेहऱ्यांचा जन्म एका आठवड्याच्या अंतराने झालेला आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार कार्ड देण्यात आले, आणि त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, ६ ऑक्टोबर २०१० रोजी, अमेरिकेत इन्स्टाग्राम सुरू झाले. पहिल्याने माणसाला एक चेहरा आणि बारा अंक दिले. दुसऱ्याने तोच चेहरा जुनाट, उन्हाळलेला किंवा निळसर करून दाखवण्याची सोय दिली. पाच वर्षांखालील बालकाच्या आधारला बोटांचे ठसे लागत नाहीत, ते पाचव्या व पंधराव्या वर्षी घ्यावे लागतात. म्हणजे शासनाच्या हिशेबाने माणसाचे रूप बालपणात दोनदा बदलते, मोबाईलच्या हिशेबाने ते सोमवारी सकाळी व रात्री वेगळे असते. आधार केंद्रातील फोटोत ना बाजू निवडता येते, ना उजेड. चालक 'हलू नका' म्हणतो, बसलेला माणूस 'झालं का?' विचारण्यासाठी तोंड उघडतो, आणि नेमका तो क्षण आयुष्यभरासाठी नोंदला जातो. तरीही या दोहोंपैकी बँकेत तोच चालतो, हे मुलांना कोणत्याही व्याख्यानाशिवाय कळते आणि त्यांच्या ओळखविषयक विचारांना एक प्रकारचे वैराग्य आणते.

कागदावरील नावाचेही असेच बदलते आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम सरकारी कागदपत्रांत महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केला, आणि शतकानुशतके जी केवळ 'अमक्याची आई' म्हणून ओळखली गेली ती अखेर मुलाच्या नावात दुसऱ्या क्रमांकावर येऊन बसली. याउलट मोबाईलवर मूल आपल्या नावातून सर्वप्रथम आईवडील, आडनाव व गाव यांना हद्दपार करते आणि 'रिअल_अथर्व', 'अथर्व_ऑफिशियल' किंवा 'इट्स_अथर्व_००७' होते. यातील 'ऑफिशियल' हा शब्द पाहून बाजारात बनावट अथर्व फिरत असावेत अशी शंका येते, आणि ती अगदीच निराधार नाही, कारण एकेका तुकडीत पाच-पाच अथर्व असतात.

मुलाचे एकच खाते नाही, दुसरे एक गुप्त खाते आहे, असे कळले की पालकांचा धीर सुटतो. पहिल्या खात्यावर मुलगी गणपतीच्या आरतीत उभी असते. दुसऱ्या खात्यावर, ज्याला मुले 'फिन्स्टा' म्हणजे निवडक मैत्रिणींपुरते खोटे इन्स्टाग्राम म्हणतात, ती जीभ काढून, डोळे तिरळे करून, परीक्षेविषयी अशा शब्दांत बोलत असते जे घरात फक्त आजोबा मोटार मागे घेताना वापरतात. यात दुटप्पीपणा पाहणाऱ्यांनी मराठी साहित्याकडे एकदा नजर टाकावी. राम गणेश गडकरी यांची तीन खाती होती: नाटके स्वतःच्या नावावर, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोद 'बाळकराम' या नावाने, आणि बाळकरामाने केलेल्या थट्टेबद्दल गोविंदाग्रजाला जबाबदार धरण्याचा अरसिकपणा कुणी केला नाही. शिरवाडकर कवितेपुरते कुसुमाग्रज होत, म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ. युजरनेममध्ये धाकट्या बहिणीला इतके मानाचे स्थान देणारा मुलगा आज मिळणे कठीण. आचार्य अत्रे विडंबने 'केशवकुमार' या नावाने करीत, जयवंत दळवी 'ठणठणपाळ' होऊन समकालीन लेखकांच्या टोप्या उडवीत, आणि चिं. त्र्यं. खानोलकर तर कवितेत 'आरती प्रभू' होते. यांपैकी कुणाच्याही आईवडिलांना शाळेने बोलावून घेतल्याची नोंद नाही.

अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात माणसाचे रोजचे वागणे रंगभूमीच्या भाषेत उलगडून दाखवले: प्रत्येक माणूस प्रेक्षक पाहून भूमिका वठवतो आणि विंगेत गेल्यावर मुकुट काढून चहा पितो. नाटकवेड्या महाराष्ट्राला यात काही नवे वाटू नये. बालगंधर्वांनी, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस यांनी, स्त्रीभूमिकेत नेसलेली साडी पाहून घरंदाज स्त्रिया तशी नेसू लागल्या, आणि ती साडी एका पुरुषाच्या अंगावर आहे हे त्या प्रत्येकीला ठाऊक होते. अडचण फक्त एवढीच की मोबाईलवर विंग नसते. गणिताचे सर, आत्या, बाकावरची मैत्रीण, आणि जिच्या किंवा ज्याच्यासाठी सारा खटाटोप चालला आहे ती व्यक्ती, हे सर्व एकाच तिकिटावर एकाच रांगेत बसलेले असतात. मैत्रिणीसाठी केलेला विनोद आत्याला पोहोचतो आणि आत्या त्याखाली 'खूप छान बेटा' असे लिहून दोन हात जोडते. दुसरे खाते ही मुलांनी स्वतः बांधून घेतलेली विंग आहे, आणि ती पाडण्यापेक्षा तिच्या दाराला कडी कशी लावावी, हे शिकवणे पालकांच्या अधिक आटोक्यातले आहे.

शिकवण्याजोगे म्हणून जे खरोखर आहे त्याला एक फूटपट्टी पुरते. मोबाईल चेहऱ्यापासून एक फुटावर धरून एक फोटो टिपावा आणि मोबाईल कुणाच्या तरी हाती देऊन पाच फुटांवरून दुसरा. पहिल्या फोटोत नाक फुगलेले आणि कान डोक्यामागे दडलेले दिसतात, कारण नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा बरेच जवळ असते. सुमारे १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक जवळजवळ ३० टक्के अधिक रुंद भासते, असा हिशेब अमेरिकी शल्यचिकित्सकांनी २०१८ मध्ये मांडला, आणि तो मांडण्याचे कारण असे की सेल्फी दाखवून नाक लहान करून मागणारे लोक दवाखान्यात येऊ लागले होते. नाक ज्याचे त्याला, दोष हाताच्या लांबीला, एवढे या दोन फोटोंवरून पाचवीतील मूलही समजून घेते. दुसरा प्रयोग भांगाचा आहे: सेल्फी घेताना पडद्यावर दिसणारी प्रतिमा आरशासारखी उलटी असते, त्यामुळे डावा भांग डावीकडेच दिसतो, आणि दुसऱ्याने काढलेल्या फोटोत तो पलीकडे गेल्याने स्वतःचाच चेहरा अनोळखी व किंचित वाकडा वाटतो. माणसाला आपला आरशातला चेहरा आवडतो आणि मित्रांना त्याचा खरा, असे १९७७ मधील एका प्रयोगात आढळले होते. तेव्हा 'या फोटोत मी भयंकर दिसते' आणि 'अगं, छान तर आलाय' या सनातन वादात दोघीही बरोबर असतात.

फिल्टरची गोष्ट थोडी निराळी आहे. तो डोळे, नाक, ओठ व जबडा यांच्या कडांवर ठिपके शोधतो, त्यांवर कोळ्याच्या जाळीसारखी एक अदृश्य जाळी पसरतो, मग डोळ्यांजवळची जाळी ताणतो, जबड्याजवळची आवळतो आणि मधली त्वचा इस्त्री केल्यासारखी सपाट करतो. मुरूम कोणता आणि आजोबांवर गेलेला गालावरचा तीळ कोणता, यात त्याला भेद करता येत नाही. तो दोन्ही पुसट करतो आणि त्याबरोबर आजोबाही जातात. रंग उजळण्याचा दोष तर एकट्या फिल्टरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. लग्नाच्या जाहिरातींतील 'गोरी, सडपातळ' हे शब्द मोबाईलपेक्षा जुने आहेत, आणि 'फेअर अँड लव्हली' या मलमाच्या नळीवरून 'फेअर' हा शब्द उतरून त्याजागी 'ग्लो' बसायला २०२० साल उजाडावे लागले. उन्हातून खेळून आलेल्या मुलीला 'किती काळवंडलीस गं' असे म्हणून बेसनाची वाटी पुढे करणारी आजी हा फिल्टर विजेवरही चालत नाही आणि तो बंद करण्याचे बटणही सापडत नाही.

या सर्व ज्ञानाचा समारोप म्हणून शाळांत 'डिजिटल युगातील आत्मप्रतिमा' किंवा तत्सम विषयावर व्याख्यान योजले जाते. सातवी ते नववीची मुले सतरंजीवर बसवलेली असतात, पाहुण्यांना शाल व नारळ दिला जातो, आणि पाहुणे लाइकमागे धावू नका, खरे सौंदर्य अंतरंगात असते, अनोळखी व्यक्तीला फोटो पाठवू नका, असे तीन मुद्दे चाळीस मिनिटांत सांगतात. प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतील एखादी मुलगी उभी राहून अत्यंत नम्रपणे विचारते की सरांच्या डीपीत जे केस आहेत ते कोणत्या सालचे. हशा पिकतो, वर्गशिक्षिका डोळे वटारतात, आणि सर हसत हसत टक्कलावरून हात फिरवून २०११ असे प्रांजळ उत्तर देतात. त्या तासातील तेवढेच उत्तर मुले घरी जाऊन सांगतात.

त्यानंतर सामूहिक छायाचित्र होते. मुलांना विचारण्याचा प्रश्न उद्भवत नाही. शिपाई बाके सरकवतात, उंच मुले मागे जातात, मुख्याध्यापक, पाहुणे व संस्थेचे दोन पदाधिकारी पुढे खुर्च्यांवर बसतात आणि 'मुलांच्या खासगीपणाचा सन्मान' असे लिहिलेला फलक सर्वांनी मिळून छातीशी धरायचा असे ठरते. पाच मिनिटांत तो फोटो इयत्ता, तुकडी आणि शाळेच्या पत्त्यासह पालकांच्या चारही समूहांवर जाऊन पडतो. पालक तो मोठा करकरून आपले मूल शोधू लागतात, पण कुणालाही ते सापडत नाही, कारण फलक चौदा फुटी निघालेला असतो आणि प्रायोजकांच्या नावांची ओळ बरोबर मुलांच्या चेहऱ्यांवरून गेलेली असते.